ड्रॅग शर्यतीच्या स्टॉक वर्गातील संपीडन गुणोत्तर

ड्रॅग शर्यतीच्या स्टॉक वर्गातील संपीडन गुणोत्तराचे नियम म्हणजे कारखान्याने घोषित केलेल्या मूळ रचनेचे इंजिन वापरून धावणाऱ्या वाहनांसाठी, सिलिंडरमधील इंधन-हवेचे मिश्रण किती प्रमाणात दाबले जावे याची मर्यादा ठरवणारे तांत्रिक नियम होत. स्टॉक वर्ग म्हणजे हात न लावलेल्या गाड्यांचा वर्ग, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात या वर्गातील इंजिन पूर्ण उघडून नव्याने जुळवलेले असू शकते. त्याचे प्रत्येक माप कारखान्याच्या घोषित आकड्याच्या मर्यादेत असावे एवढीच अट असते. संपीडन गुणोत्तर थेट दिसत नाही, ते अनेक लहान मापांतून तयार होते. त्यामुळे स्टॉक वर्गाच्या तपासणीत या मापांना मध्यवर्ती स्थान आहे.

या नियमांची सर्वांत तपशीलवार मांडणी अमेरिकेतील नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (एनएचआरए) या संस्थेच्या स्टॉक एलिमिनेटर गटात झाली. भारतात मोटार क्रीडाप्रकारांचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया (एफएमएससीआय) ही संस्था करते. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत.

ड्रॅग शर्यत आणि वर्गवारी

ड्रॅग शर्यत ही सरळ मार्गावर, थांबलेल्या स्थितीतून सुरू होणारी, दोन वाहनांमधील शर्यत होय. तिचे पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असते. काही ठिकाणी त्याच्या निम्मे अंतरही वापरले जाते. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते.

वळणे नसल्याने या शर्यतीत वाहनाचे वजन, इंजिनाची शक्ती आणि चाकांची रस्त्यावरील पकड यांना फार महत्त्व येते. म्हणून समान क्षमतेच्या वाहनांना एकत्र आणणारी वर्गवारी हा या खेळाचा पाया आहे. विदर्भ-मराठवाड्यातील शंकरपटातही बैलजोड्या सरळ मार्गावर धावतात, आणि महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतींत दातांवरून वय ओळखून आदत, दुसा असे गट पाडण्याची रीत आहे. यंत्राच्या शर्यतीत दात पाहण्याऐवजी इंजिन उघडून त्याची मापे घेतली जातात.

व्याख्या आणि गणित

पिस्टन म्हणजेच दट्ट्या सर्वांत खाली असताना त्याच्या वर असलेले एकूण घनफळ आणि तो सर्वांत वर पोहोचल्यावर उरलेले घनफळ यांच्या गुणोत्तरास संपीडन गुणोत्तर म्हणतात. पिस्टन आपल्या धावेत जेवढी जागा व्यापतो तिला विस्थापित घनफळ म्हणतात, आणि वाहनाच्या माहितीपत्रकातील ‘सीसी’ म्हणजे घनसेंटिमीटरमधील हेच माप होय.

संपीडन गुणोत्तर = (विस्थापित घनफळ + उरलेले घनफळ) ÷ उरलेले घनफळ

यामाहा आर-१५ या मोटारसायकलची पहिली आवृत्ती २००८ मध्ये भारतात आली. तिच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिमी, पिस्टनची धाव ५८.७ मिमी आणि घोषित संपीडन गुणोत्तर १०.४ : १ होते. या मापांवरून विस्थापित घनफळ १४९.८ सीसी येते. त्याला ९.४ ने भागल्यास उरलेले घनफळ सुमारे १५.९ सीसी, म्हणजे साधारण एका मोठ्या चमच्याएवढे भरते. गुणोत्तर ठरवणारी सगळी जागा एवढीच असते.

याच इंजिनाच्या सिलिंडरचा वरचा पृष्ठभाग ०.६ मिमी घासला, किंवा तेवढे पातळ गॅस्केट बसवले, तर उरलेले घनफळ सुमारे १.५ सीसीने कमी होऊन गुणोत्तर ११.४ : १ होते. बाहेरून पाहणाऱ्यास यातले काहीही कळत नाही आणि इंजिनाची सीसीदेखील तीच राहते.

उरलेले घनफळ पुढील भागांच्या बेरजेतून तयार होते :

• सिलिंडर हेडमधील ज्वलनकक्षाचा खळगा
• हेड गॅस्केटची दबलेल्या अवस्थेतील जाडी व तिच्या छिद्राचा व्यास
• पिस्टन सर्वांत वर असताना त्याचा माथा आणि सिलिंडरचा वरचा पृष्ठभाग यांतील अंतर
• पिस्टनच्या माथ्याचा आकार. उंचवटा असल्यास घनफळ घटते, खळगा किंवा झडपांसाठीच्या खाचा असल्यास वाढते
• सर्वांत वरच्या रिंगच्या वर, पिस्टन व सिलिंडर यांमध्ये राहणारी बारीक फट

सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन बसवल्यासही गुणोत्तर वाढते, कारण विस्थापित घनफळ वाढते आणि ज्वलनकक्ष मात्र तेवढाच राहतो. वरील उदाहरणात व्यास ५७.५ मिमी केल्यास गुणोत्तर १०.४ वरून साधारण १०.६ वर जाते. झिजलेला सिलिंडर बोअर करणे ही दुरुस्तीतील नेहमीची बाब असल्याने बहुतेक नियमावल्या त्याची ठरावीक मर्यादेपर्यंत मुभा देतात आणि वाढलेल्या गुणोत्तराचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवतात.

दोन-स्ट्रोक इंजिनांत हे गुणोत्तर दोन रीतींनी सांगितले जाते. पहिल्या रीतीत पिस्टनची पूर्ण धाव धरतात, तर दुसरीत निष्कास छिद्र बंद झाल्यानंतरची धाव तेवढी मोजतात. दुसऱ्या रीतीने येणारा आकडा बराच लहान असतो. १९८५ पासून भारतात बनलेल्या आणि आजही हौशी शर्यतपटूंमध्ये लोकप्रिय असलेल्या यामाहा आरएक्स-१०० सारख्या वाहनांची तुलना करताना कोणती रीत वापरली आहे हे पाहणे आवश्यक ठरते.

शक्तीवरील परिणाम

मिश्रण जितके अधिक दाबले जाईल तितके ज्वलनानंतर ते अधिक प्रसरण पावते आणि इंधनातील उष्णतेचा मोठा भाग यांत्रिक कार्यात रूपांतरित होतो. ऑटो चक्राच्या सैद्धांतिक सूत्रानुसार ९ : १ गुणोत्तरास सुमारे ५८.५ टक्के, ११ : १ गुणोत्तरास ६१.७ टक्के आणि १२.५ : १ गुणोत्तरास ६३.६ टक्के कार्यक्षमता येते. खऱ्या इंजिनाची कार्यक्षमता याहून पुष्कळ कमी असते, परंतु वाढीचा कल तोच राहतो. गुणोत्तर जसजसे वाढते तसतसा प्रत्येक पुढील अंकापासून मिळणारा लाभ घटत जातो.

१०.४ वरून ११.४ पर्यंतच्या वाढीने सैद्धांतिक शक्ती सुमारे सव्वादोन टक्क्यांनी वाढते. पाव मैलास लागणारा वेळ स्थूलमानाने शक्तीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्यामुळे हे अंतर १६ सेकंदांत कापणाऱ्या मोटारसायकलीस साधारण ०.१२ सेकंदाचा फायदा होतो. अंतिम रेषेवरील वेगाने पाहता हे अंतर दोन मोटारसायकलींच्या लांबीइतके भरते. निकाल हजारांश सेकंदाने ठरणाऱ्या खेळात ०.६ मिमी धातूचे मोल एवढे असते.

इंधन आणि नॉकिंगची मर्यादा

गुणोत्तर हवे तेवढे वाढवता येत नाही. दाबलेल्या मिश्रणाचे तापमान वाढते आणि ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा उरलेला भाग एकदम पेटू शकतो. याला नॉकिंग म्हणतात. धातूवर हातोडी मारल्यासारखा खणखण आवाज हे त्याचे बाह्य लक्षण होय. ते दीर्घकाळ चालल्यास पिस्टनच्या माथ्यास भोक पडणे, रिंगांमधील धातू तुटणे आणि गॅस्केट फुटणे असे परिणाम होतात.

नॉकिंगला रोखण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन अंकाने दर्शवतात. भारतात साधे पेट्रोल दीर्घकाळ ९१ ऑक्टेनचे मिळत आले, तर त्याहून अधिक ऑक्टेनचे पेट्रोल वेगळ्या नावांनी आणि चढ्या दराने विकले जाते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०० पेक्षा अधिक असल्याने पेट्रोलमध्ये ते मिसळल्यास नॉकिंगची शक्यता कमी होते. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्यात आले. लातूर व नांदेड जिल्ह्यांत मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत होणारा ऊस हा या इथेनॉलच्या स्रोतांपैकी एक आहे. मात्र इथेनॉलच्या एका लिटरमधील उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. इंधनाची ही वाढलेली सहनशक्ती उपयोगात आणायची तर इंजिनाचे गुणोत्तर त्यानुसार अधिक असावे लागते. स्टॉक वर्गात ही मुभा नसते. म्हणूनच शर्यतीच्या नियमांत गुणोत्तराबरोबर इंधनाचा प्रकारही निश्चित केलेला असतो आणि टाकीतील नमुन्याची तपासणी होते.

इतिहास

नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना वॅली पार्क्स यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात केली. रस्त्यांवर चालणाऱ्या बेकायदा शर्यतींना सुरक्षित आणि नियमबद्ध पर्याय देणे हा तिचा एक हेतू होता. विक्रीदालनातून घेतलेल्या गाडीवरही शर्यतीत उतरता यावे म्हणून स्टॉक वर्ग ठेवण्यात आले. वाहनाचे वजन भागिले इंजिनाची अश्वशक्ती या गुणोत्तरावर गाड्यांची विभागणी होऊ लागली.

१९६० च्या दशकात वाहननिर्मात्यांनी या शर्यतींकडे जाहिरातीचे साधन म्हणून पाहण्यास सुरुवात केली. क्रायस्लर कंपनीने १९६२ मध्ये प्लिमथ आणि डॉज गाड्यांसाठी ‘मॅक्स वेज’ या नावाने ओळखले जाणारे ४१३ घनइंचाचे इंजिन आणले. ते ११ : १ आणि १३.५ : १ अशा दोन संपीडन गुणोत्तरांत मिळत असे. घोषित शक्ती अनुक्रमे ४१० आणि ४२० अश्वशक्ती होती. दोन्ही इंजिने कारखान्याचीच असल्याने ‘मूळ गुणोत्तर’ कोणते या प्रश्नाचे उत्तर गाडी कोणत्या प्रकाराची म्हणून नोंदवली आहे यावर अवलंबून राहू लागले.

दुसरा बदल १९७१ च्या मॉडेलवर्षात झाला. शिसेविरहित व कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर इंजिने चालावीत म्हणून जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांचे संपीडन गुणोत्तर खाली आणले. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या ३५० घनइंचाच्या एलटी-१ इंजिनाची घोषित मापे हा बदल स्पष्ट करतात :

• १९७० : संपीडन गुणोत्तर ११ : १, ३७० अश्वशक्ती
• १९७१ : संपीडन गुणोत्तर ९ : १, ३३० अश्वशक्ती
• १९७२ : संपीडन गुणोत्तर ९ : १, २५५ अश्वशक्ती

यांपैकी १९७२ मधील घट इंजिनातील बदलामुळे झालेली नाही. त्या वर्षापासून शक्ती मोजताना पंखा, हवाशोधक, सायलेन्सर इत्यादी भाग जोडून निव्वळ आकडा देण्याची पद्धत आली. १९७० व १९७१ मधील घट मात्र प्रामुख्याने संपीडनाची आहे. या इंजिनाच्या एका सिलिंडरचे विस्थापित घनफळ सुमारे ७१७ सीसी आहे. ११ : १ साठी उरलेले घनफळ सुमारे ७२ सीसी, तर ९ : १ साठी ९० सीसी लागते. या १८ सीसीच्या फरकामुळे एकाच नावाची आणि एकाच आकाराची दोन इंजिने स्टॉक वर्गाच्या यादीत वेगवेगळी धरली जातात.

जाहिरातीतील अश्वशक्ती नेहमीच खरी नसे. काही निर्माते विमा किंवा वर्गवारीच्या सोयीसाठी ती मुद्दाम कमी सांगत. त्यावर उपाय म्हणून एनएचआरएने घोषित शक्तीऐवजी स्वतः ठरवलेली शक्ती वर्गवारीसाठी वापरण्यास सुरुवात केली. एखादे वाहन अपेक्षेपेक्षा सातत्याने वेगवान ठरले तर त्याची मानीव अश्वशक्ती वाढवली जाते. पुढे २००८ मध्ये फोर्डने कोब्रा जेट मस्टँग आणि २०१२ मध्ये शेव्हरोलेने कोपो कॅमॅरो या थेट शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या आणल्याने हा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा झाला.

नियमांचे स्वरूप

एनएचआरएच्या पद्धतीत केवळ गुणोत्तराचा एक आकडा देऊन भागवले जात नाही. प्रत्येक मान्य इंजिनासाठी मापांचा तक्ता असतो. त्यात ज्वलनकक्षाचे किमान घनफळ, पिस्टनचा माथा व सिलिंडरचा पृष्ठभाग यांतील अंतर, गॅस्केटची जाडी, झडपांचा व्यास, कॅमची उंची अशी मापे दिलेली असतात. पिस्टन मान्य नमुन्याचा असावा लागतो. ज्वलनकक्षाचे घनफळ तक्त्यातील किमान आकड्याखाली गेले की इंजिन अवैध ठरते.

‘किमान’ या शब्दाला येथे विशेष अर्थ आहे. मोठ्या प्रमाणावरील ओतकामात दोन हेड तंतोतंत सारखी निघत नाहीत, म्हणून कारखाना उत्पादनात काही सूट ठेवतो. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या इंजिनांतील ज्वलनकक्ष बहुधा मोठा आणि गुणोत्तर जाहिरातीतील आकड्यापेक्षा कमी असे. स्टॉक वर्गाचा कुशल कारागीर हेड घासून सर्व ज्वलनकक्ष किमान घनफळापर्यंत आणतो आणि सगळे सिलिंडर एकसारखे करतो. हे नियमात बसते, परंतु एक दशांश सीसीने जरी मर्यादा ओलांडली तरी ते नियमभंग ठरते. म्हणून स्टॉक वर्गातील उत्तम इंजिन हे कारखान्याच्या सरासरी इंजिनासारखे नसते. कारखान्याच्या कागदाने जेवढे शक्य ठरवले आहे त्याच्या काठावर ते उभे असते.

याच नियमावलीत कॅमची उंची मूळ ठेवून झडपा उघड्या राहण्याचा कालावधी बदलण्याची मुभा आहे. संपीडनाच्या संदर्भात ही सवलत महत्त्वाची ठरते. अंतर्ग्रहण झडप उशिरा बंद झाल्यास मंद गतीत काही मिश्रण परत बाहेर जाते आणि प्रत्यक्ष दाब घटतो. मोजलेले गुणोत्तर मात्र तेच राहते.

स्टॉक एलिमिनेटरच्या अंतिम फेऱ्यांत बहुधा संथ गाडीस आधी सुटण्याची सवलत मिळते. त्यामुळे वाढीव संपीडनाचा लाभ तेथे थेट दिसत नाही. तथापि, पात्रता फेरीतील क्रम, विक्रमांची नोंद आणि एकाच वर्गातील दोन गाड्या एकाच वेळी सुटतात अशा लढती यांत शक्तीचा फरक निर्णायक ठरतो. अशा प्रसंगी विजेत्याचे इंजिन उघडून तपासण्याची प्रथा आहे.

तपासणीच्या पद्धती

सर्वांत विश्वसनीय पद्धत द्रवाने घनफळ मोजण्याची होय. हेड उलटे व समतल ठेवून झडपा आणि प्लग बसवले जातात. कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन त्यावर छिद्र असलेली पारदर्शक काच किंवा ॲक्रिलिकची पट्टी दाबली जाते आणि अंशांकित ब्युरेटमधून रंगीत द्रव सोडला जातो. हवेचा बुडबुडा न राहता कक्ष भरला की ब्युरेटवरील आकडा म्हणजे कक्षाचे घनफळ होय. पट्टीखाली एक बुडबुडा राहिला तरी घनफळ कमी दिसते, म्हणून मोजणी दोनतीनदा केली जाते.

माथा सपाट नसलेल्या पिस्टनसाठी वेगळी रीत आहे. पिस्टन सिलिंडरच्या पृष्ठभागापासून ठरावीक खोलीवर, उदाहरणार्थ २५ मिमी, डायल गेजने स्थिर केला जातो. ५७ मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये तेवढ्या उंचीस ६३.८ सीसी द्रव मावला पाहिजे. ६० सीसी मावल्यास पिस्टनच्या उंचवट्याने ३.८ सीसी जागा व्यापली आहे असे निष्पन्न होते. गॅस्केटचे घनफळ सूक्ष्ममापीने जाडी मोजून काढतात. ५७ मिमी छिद्राच्या १ मिमी गॅस्केटचे घनफळ सुमारे २.५ सीसी भरते.

इंजिन न उघडता तपासणी करण्यासाठी अमेरिकेत प्लगच्या छिद्रातून ध्वनीच्या अनुनादावर चालणारे उपकरणही वापरले जाते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यास बाटलीच्या आकारानुसार सूर बदलतो, त्याच तत्त्वावर ते उरलेल्या घनफळाचा अंदाज देते. संशय आल्यास अंतिम निर्णयासाठी हेड उघडलेच जाते.

दाबमापकाची मर्यादा

गॅरेजमध्ये ‘कॉम्प्रेशन तपासणे’ म्हणजे प्लगच्या जागी दाबमापक लावून इंजिन फिरवणे. रिंग, झडपा आणि गॅस्केट यांचे आरोग्य पाहण्यासाठी ही चाचणी उपयुक्त आहे. संपीडन गुणोत्तराचा पुरावा म्हणून ती चालत नाही. मिळणारा दाब इंजिन फिरण्याच्या गतीवर, थ्रॉटल किती उघडा आहे यावर, झडपांच्या वेळेवर, इंजिनाच्या तापमानावर आणि बाहेरील हवेच्या दाबावर अवलंबून असतो.

शेवटच्या घटकाचे उदाहरण मराठवाड्यातच मिळते. बालाघाटच्या पठारावरील लातूर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, तर गोदावरीकाठचे नांदेड सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीच्या तुलनेत हवेचा दाब लातुरात सुमारे ७ टक्क्यांनी आणि नांदेडात सुमारे ४ टक्क्यांनी कमी असतो. चेन्नईत दर चौरस इंचास १७० पौंड दाब दाखवणारे इंजिन कोणताही दोष नसताना लातुरात १५८ पौंडांच्या आसपास दाखवेल. गुणोत्तर मात्र दोन्ही ठिकाणी एकच असते. त्यामुळेच नियमावल्यांत दाबाऐवजी घनफळाचा आधार घेतला जातो.

भारतातील स्थिती

भारतात ड्रॅग शर्यतींमध्ये मोटारसायकलींचे प्रमाण मोठे आहे. एफएमएससीआयच्या मान्यतेने मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब राष्ट्रीय मोटारसायकल ड्रॅग अजिंक्यपद स्पर्धा भरवतो. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील मार्गावर तिच्या फेऱ्या झाल्या आहेत. वर्गवारी प्रामुख्याने इंजिनाची सीसी आणि दोन-स्ट्रोक व चार-स्ट्रोक हा भेद यांवर आधारलेली असते. १०५१ सीसी आणि त्यावरील सुपरबाइकचा स्वतंत्र वर्ग आहे. बंगळुरूचे हेमंत मुद्दप्पा यांनी सुझुकी हायाबुसावर या स्पर्धेत अनेक विजेतेपदे मिळवली आहेत.

हायाबुसाची घोषित मापे पाहता केवळ सीसीवर आधारलेल्या वर्गवारीची मर्यादा लक्षात येते. तिच्या पहिल्या पिढीचे इंजिन १२९९ सीसीचे असून त्याचे गुणोत्तर ११ : १ होते. पुढील पिढीत व्यास ८१ मिमी तोच ठेवून धाव ६३ वरून ६५ मिमी करण्यात आली. सीसी १३४० झाली, म्हणजे वाढ सुमारे ३ टक्केच झाली. त्याच वेळी गुणोत्तर १२.५ : १ वर नेण्यात आले. सीसीनुसार दोन्ही मोटारसायकली एकाच वर्गात येतात.

रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी इंजिनांतही असाच फरक आहे. जुन्या ३४६ सीसी इंजिनाचे गुणोत्तर ८.५ : १, तर नव्या ३४९ सीसी इंजिनाचे ९.५ : १ आहे. म्हणून ‘मूळ गुणोत्तर’ सांगताना वाहनाचे नाव पुरेसे नसते, आवृत्ती आणि निर्मितीचे वर्षही द्यावे लागते.

महाराष्ट्र आणि मराठवाडा

लोणावळ्याजवळील आंबी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर २०१० च्या दशकात ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरू लागली. तीत मोटारी आणि मोटारसायकली या दोहोंसाठी स्वतंत्र वर्ग ठेवण्यात आले. विमानांसाठीची धावपट्टी सरळ, सपाट व रहदारीमुक्त असल्याने आणि थांबण्यासाठी पुरेशी लांबी मिळत असल्याने ड्रॅग शर्यतीस सोयीची ठरते. अमेरिकेतही या खेळाची सुरुवातीची अनेक केंद्रे वापरात नसलेल्या धावपट्ट्यांवर होती.

वाहनांच्या निर्मितीशी आणि प्रमाणीकरणाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था नव्या वाहनांची चाचणी घेते. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून आहे. तेथून जवळपास अडीचशे किलोमीटरवर असलेल्या नांदेड व लातूरमध्ये दुचाकी दुरुस्तीचा व्यवसाय मोठा आहे. हेड घासणे, सिलिंडर बोअर करणे, झडपा बसवणे ही कामे लेथवर नित्य केली जातात. यांतील प्रत्येक काम संपीडन गुणोत्तर बदलते. फुटलेल्या गॅस्केटमुळे वाकडे झालेले हेड सपाट करण्यासाठी घासले, तरी गुणोत्तर काहीसे वाढतेच. अशा इंजिनाची गाडी स्टॉक वर्गात उतरवायची असल्यास जाड गॅस्केट वापरून मूळ घनफळ परत आणावे लागते.

शक्ती वाढवण्यासाठी मापे न घेता हेड घासण्याचे परिणाम गंभीर असतात. पिस्टन आणि झडपा यांमधील अंतर कमी होऊन उच्च गतीत त्या एकमेकांवर आदळू शकतात. कॅमच्या साखळीचा ताण बदलून झडपांची वेळ पुढे-मागे होते. उन्हाळ्यात ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणाऱ्या मराठवाड्यातील तापमानात सिलिंडरमध्ये येणारी हवाच तप्त असते, त्यामुळे नॉकिंगचा धोकाही वाढतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुढील गुन्ह्यास ही मर्यादा एक वर्ष आणि १०,००० रुपये अशी आहे.

याच अधिनियमाचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असे बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनाची सीसी नमूद असते, संपीडन गुणोत्तर नसते. त्यामुळे सिलिंडर बोअर करून वाढवलेली सीसी कागदावरून पकडता येते, हेड घासून वाढवलेले गुणोत्तर मात्र लातूर (एमएच-२४) वा नांदेड (एमएच-२६) येथील नोंदणीच्या कागदांत दिसत नाही. ते पाहण्याची व्यवस्था केवळ संघटित शर्यतीच्या तपासणी कक्षात असते. या अर्थाने स्टॉक वर्ग हा कायद्याने अपेक्षिलेल्या ‘मूळ वाहना’ची रस्त्यापेक्षाही कठोर परीक्षा घेतो.

हेही पाहा

• अंतर्ज्वलन इंजिन
• ऑटो चक्र
• ऑक्टेन अंक
• इथेनॉल
• शंकरपट
• मोटार वाहन अधिनियम, १९८८